मुंगळा लाकूड खात नाही

अमेरिकेत घर घेतलेली मराठी मंडळी जमली की शाळा, मॉर्गेज आणि बर्फ उपसणं यांच्या जोडीने कधी ना कधी मुंगळ्यांचा विषय निघतोच. तळघरातल्या तुळईखाली भुशाचा लहानसा ढीग दिसतो, वर मोठाले काळे मुंगळे फिरत असतात आणि घर तर सगळं लाकडाचं. निदान लगेच होतं: मुंगळे घर खातायत.

खात नाहीत. लाकूड खाते ती वाळवी. तिकडे 'कार्पेंटर अँट' म्हणून ओळखला जाणारा हा मुंगळा बहुधा ओल लागून मऊ पडलेलं लाकूड घरट्यासाठी कोरतो आणि निघालेला भुसा बाहेर आणून टाकतो. पोटात गेला असता तर ढीग कशाचा साचला असता? हा भुसा कागदावर पसरून पाहिला तर त्यात किड्यांचे पाय, पंखांचे तुकडे, मेलेल्या मुंगळ्यांचे अवशेषही सापडतात. घराचं नुकसान होतं हे खरं, पण फवारणीवाल्याला फोन लावण्याआधी गळका पाइप किंवा छपरातली ओल शोधणं जास्त उपयोगाचं.

मग तो खातो काय? किडे मिळाले तर किडे, पण बरीच भिस्त मावा किडीच्या गोड, चिकट स्रावावर. त्यात साखर भरपूर आणि नत्र जेमतेम. एवढ्यावर वारूळ कसं पोसायचं, याचं उत्तर शोधताना दुसरा गैरसमज आड येतो, तो म्हणजे जिवाणू म्हणजे रोगराई. मुंगळ्याच्या आतड्याच्या भिंतीत खास पेशी असतात आणि त्या 'ब्लॉकमॅनिया' नावाच्या जिवाणूंनी भरलेल्या असतात. फ्लोरिडातल्या मुंगळ्यामधल्या या जिवाणूचा जनुकसंच 2003 मध्ये पूर्ण वाचला गेला. तो भरला सुमारे 7 लाख अक्षरांचा. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी. स्वतंत्र जगायला लागणारी पुष्कळ जनुकं त्याने गमावली आहेत, पण मुंगळ्याला लागणारी अमिनो आम्लं बनवणारी बरीचशी राखली आहेत. तो बाहेरून येत नाही, अंड्यातूनच आईकडून पुढच्या पिढीत जातो. आपल्याकडे साखरेच्या डब्याभोवती फिरणारा काळा मुंगळाही याच कॅम्पोनोटस गटातला, आणि या गटातल्या ज्या जाती तपासल्या गेल्या त्या जवळपास सगळ्यांत हा जिवाणू सापडला आहे.

या साऱ्याचा मोठा पट मांडणाऱ्यांत कॉरी मोरो यांचं नाव पुढे आहे. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये काम करून त्या आता इथाकाच्या कॉर्नेल विद्यापीठात आहेत. हार्वर्डमध्ये शिकत असताना, 2006 साली, त्यांनी सहकाऱ्यांसह मुंग्यांची वंशावळ डीएनएवरून मांडली. मुंग्यांचा उगम 14 ते 16.8 कोटी वर्षांपूर्वीचा आणि त्यांचा खरा विस्तार फुलझाडांच्या विस्ताराबरोबरचा, असं त्यातून दिसलं. पण मला त्याहून रंजक वाटतं ते 2009 चं काम. जेकब रसेल, मोरो, नाओमी पियर्स आणि इतरांनी 283 जातींच्या मुंग्यांमधले जिवाणू तपासले. मुंग्या म्हणजे शिकारी, हा आपला समज. जंगलाच्या शेंड्यावर मात्र मुंग्या इतक्या असतात की तेवढी शिकार तिथे नसतेच. त्यातल्या पुष्कळ जणी झाडांच्या रसावर आणि रस शोषणाऱ्या किड्यांच्या स्रावावर जगतात. आणि अशा 'शाकाहारी' मुंग्यांत जिवाणूंचा एक ठरावीक गट पुन्हा पुन्हा सापडला. मुंग्यांच्या वंशावळीत ही जोडी एकदा नव्हे, किमान पाच वेळा स्वतंत्रपणे जमली होती.

हा गट रायझोबियमच्या नात्यातला. हरभऱ्याच्या, सोयाबीनच्या बियाण्याला पेरणीआधी आपले शेतकरी चोळतात, तेच रायझोबियम. साहजिकच अंदाज बांधला गेला की मुंगीच्या पोटातले जिवाणूही हवेतला नत्र धरून देत असणार. अजूनही काही लेखांत हे सिद्ध झाल्यासारखं छापलं जातं.

तपासणीत निघालं वेगळंच. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, कीज बेटांवर, पोकळ काटक्यांत 'टर्टल अँट' राहतात. यांच्या सैनिक मुंगीचं डोकं बशीसारखं चपटं असतं आणि त्या डोक्यानेच ती घरट्याचं भोक बुजवून बसते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या मुंग्यांनी हवेतला नत्र धरल्याचा पुरावा मिळाला नाही. त्याऐवजी त्यांच्या आतड्यातले जिवाणू युरियातला, म्हणजे टाकाऊ मालातला, नत्र परत वापरात आणून त्याची अमिनो आम्लं बनवताना सापडले, आणि ती मुंगीच्या अंगी लागत होती. या मुंग्या पक्ष्यांची विष्ठा आणि प्राण्यांचं मूत्र का शोधत फिरतात, याचाही त्यातून उलगडा होतो.

इथे जिवाणू अंड्यातून येत नाहीत. कोषातून नुकती बाहेर पडलेली कामकरी मुंगी थोरल्या मुंगीच्या गुदद्वारापाशी तोंड लावून ते पिते. ऐकायला किळसवाणं, पण व्यवस्था चोख आहे. पुढे तिच्या पोटाच्या तोंडाशी इतकी बारीक गाळणी तयार होते की नंतर खाण्यातून आलेला परका जिवाणू आत सरकूच शकत नाही.

एवढं वाचून 'प्रत्येक प्राण्याला पोटातले जिवाणू लागतातच' असं म्हणायचा मोह होतो. प्रोबायोटिकच्या जाहिरातींनी तो वाढवलाही आहे. पण पेरू देशाच्या जंगलातल्या मुंग्यांमधले जिवाणू मोजले तेव्हा काहींत ते खच्चून भरलेले निघाले, तर पुष्कळ जातींत, विशेषतः जमिनीवर राहणाऱ्यांत, जवळपास नसल्यातच जमा. ज्यांचं भागतं त्या असा पसारा बाळगत नाहीत. टेक्सासच्या पानं कापणाऱ्या मुंग्यांची तर तऱ्हाच न्यारी: पानांवर त्या बुरशीची शेती करतात आणि मुख्यतः बुरशीच खातात. अशा शेतकरी मुंग्यांपैकी अनेकींच्या अंगावर शेतातली कीड मारणारं प्रतिजैविक बनवणारे जिवाणू वाढतात, हे कॅमेरॉन करी यांनी 1999 मध्ये दाखवलं.

शेवटचा समज सगळ्यात महागात पडलेला: मुंगी ती मुंगी, सरसकट मारावी. दक्षिण अमेरिकेतली आग्या मुंगी, फायर अँट, जहाजांतून अलाबामातल्या मोबिल बंदरात उतरली. तिथे 1942 मध्ये तिचं घरटं टिपणारा 13 वर्षांचा मुलगा म्हणजे पुढे मुंगीतज्ज्ञ म्हणून जगभर गाजलेले ई. ओ. विल्सन. 1957 पासून सरकारने तिच्या निर्मूलनासाठी विमानांतून हेप्टाक्लोर आणि डिलड्रिन टाकलं, पुढे मायरेक्सचं आमिष. त्यात तिच्याशी जागेसाठी झगडणाऱ्या स्थानिक मुंग्याही मेल्या. एखादी जात अशी गेली की फक्त तिच्यातच राहणारे जिवाणूही जातात, आणि नष्ट झालेल्या जातींच्या यादीत त्यांची नोंद कुणी करत नाही. जैवविविधतेच्या हिशेबातली ही मोठी चूक आहे असं मला वाटतं. मोकळ्या झालेल्या जमिनीवर आग्या मुंगीच आधी परतली. आज ती टेक्सासपासून कॅरोलिनापर्यंत पसरलेली आहे.