निळा प्रकाश आणि आपली दृष्टी



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमतो, त्यांच्याजवळ द्यावयाची एक कबुली माझ्याकडून राहून गेली. आजचा विषय मी त्याच कारणाने निवडला आहे.

24 ऑक्टोबर 1995 ची ती दिवाळीतील सकाळ. राजस्थानातील नीम का थान्यापासून बंगालमधील डायमंड हार्बरपर्यंतच्या पट्ट्यात सूर्यग्रहण खग्रास दिसले. आपल्या पांढुर्णा-सौंसरकडे ते खंडग्रास होते. सुट्टी असूनही गुरुजींनी आम्हा नववीच्या मुलांना शाळेच्या अंगणात बोलाविले होते. पुठ्ठ्याला टाचणीने छिद्र पाडून त्यांनी सूर्याची कोर कागदावर पाडून दाखविली. कडुनिंबाखाली तर पानांच्या फटींतून उतरलेल्या शेकडो कोरी जमिनीवर हलत होत्या. ‘सूर्याकडे पाठ करून सूर्य पाहा,’ असे त्यांनी बजावले होते. मी मात्र भिंतीआड जाऊन छायाचित्रांच्या जुन्या रंगीत फिल्मचा तुकडा उजव्या डोळ्यापुढे धरला आणि मनसोक्त पाहून घेतले. काहीही दुखले नाही. संध्याकाळी पुस्तक उघडले तेव्हा ज्या अक्षरावर नजर ठेवावी नेमके तेच पुसट दिसू लागले. काही महिन्यांत ते पुष्कळ निवळले. तिळाएवढा करडा ठिपका आजही आहे.

दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, हे यातले पहिले दुर्दैव. दुसरे असे की ही इजा केवळ भाजल्याने होते, असे दीर्घकाळ मानले जाई. 1976 मध्ये हॅम, म्यूलर आणि स्लायनी यांनी माकडांवरील प्रयोगांतून दाखविले की, जो प्रकाश पटलाला भाजण्याइतका तापवीत नाही, तोही लघु तरंगलांबीचा, म्हणजे निळा असेल, तर पेशींची हानी करतो. ही हानी रासायनिक असते. सुमारे 440 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशात हा धोका सर्वाधिक असतो. रंगीत फिल्म चकाकी तेवढी सुसह्य करते. मनुष्य त्यामुळे अधिक वेळ पाहतो आणि अधिक फसतो.

आता पालक मला विचारतात की, मोबाइलच्या निळ्या प्रकाशाने मुलांचे डोळे जातील काय? मोबाइलच्या पुष्कळ पडद्यांतील आणि घरातील पांढऱ्या एलईडी दिव्यांतील प्रकाश मुळात निळ्या एलईडीपासून मिळतो; त्या निळ्या दिव्याच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे नोबेल मिळाले. परंतु सूर्यबिंबापुढे हा पडदा काजव्यासारखा आहे, आणि त्याने दृष्टिपटल जळते याला पुरावा नाही. निळा प्रकाश अडविणाऱ्या चष्म्यांविषयीच्या 17 चाचण्यांचा आढावा 2023 मध्ये कॉक्रेन संस्थेने घेतला. या चष्म्यांनी डोळ्यांचा शीण बहुधा कमी होत नाही, असे त्यात आढळले. चष्म्याचे ते जादा पैसे वाचवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शीण येतो तो पापण्या कमी लवतात आणि नजर तासन्‌तास जवळ खिळते म्हणून. झोपेची गोष्ट मात्र खरी आहे. दृष्टिपटलात मेलॅनोप्सिन हे द्रव्य असलेल्या काही पेशी निळ्या प्रकाशावरून ‘दिवस आहे’ असा निरोप मेंदूला देतात. रात्री अंथरुणात मोबाइल पाहणाऱ्यास तो निरोप अवेळी पोहोचतो.

आपल्या भागाचा खरा प्रश्न उन्हाचा आहे, आणि त्यात निळ्यापेक्षा तिच्या पलीकडील अतिनील किरणांचा वाटा मोठा. संत्र्याच्या बागेत आणि कपाशीच्या तासांत आयुष्य गेलेल्या माणसांच्या बुबुळावर नाखुना चढलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. नागपूरजवळच्या खेड्यांत 2006 ते 2008 या काळात तिशीपुढील 4,711 जणांचे डोळे तपासले गेले, तेव्हा शंभरांत सुमारे 13 जणांना तो आढळला. अमेरिकेतील चेसापीक उपसागरातील मच्छीमारांच्या 1988 च्या अभ्यासात अतिनील-बी किरणांचा मोतीबिंदूशी संबंध दिसून आला. रुंद काठाची टोपी किंवा कपाळावर ओढलेला पदर ही त्यावरची साधी ढाल. मुलांना मात्र दिवसाचे दोन तास उघड्यावर खेळू द्यावे. त्याने लघुदृष्टी लागण्याचा संभव कमी होतो.

माझ्या आईने चाळीस वर्षे कापूस वेचला. तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, पट्टी सुटली आणि दोरीवरच्या धोतराकडे पाहून तिने सुनेला विचारले, ‘आज नीळ जास्त झाली का गं?’ नीळ नेहमीइतकीच होती. वयाबरोबर पिवळे पडलेले नेत्रभिंग इतकी वर्षे निळा प्रकाश वाटेतच अडवीत होते, हे तिला समजावून सांगताना मला गुरुजी फार आठवले.

21 मे 2031 रोजी दक्षिण भारतात कंकणाकृती सूर्यग्रहण आहे. आपल्याकडे ते खंडग्रास दिसेल. तेव्हाही सुट्टीच असेल. शाळेने त्या दिवशी अंगण उघडे ठेवावे, पुठ्ठे आणि टाचण्या आधीच आणून ठेवाव्यात, आणि एका शिक्षकाला भिंतीआड उभे करावे.