अहंकाराचे खंडन: 'अनुभवामृता'तील अद्वैतविचाराचा एक पैलू

अहंकार हा साधकाचा शत्रू असून तो समूळ नष्ट केला पाहिजे, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. परंतु नष्ट करणारा कोण? 'मी अहंकार सोडला' या विधानातील कर्ता पुन्हा अहंकारच असतो. प्रस्तुत लेखात ज्ञानेश्वरांच्या 'अनुभवामृता'च्या आधारे या अडचणीचा विचार केला आहे. पुण्याच्या विद्यापरंपरेला हा विषय नवा नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केलेल्या गुरुदेव रा. द. रानडे यांचा महाराष्ट्रीय संतांच्या गूढानुभवावरील इंग्रजी ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला होता.

दहा प्रकरणांच्या 'अनुभवामृता'त अज्ञानखंडनाचे सातवे प्रकरण सर्वांत विस्तृत आहे. अज्ञान आत्म्यात आहे म्हणावे, तर स्वयंप्रकाश आत्माच अज्ञानी ठरतो. आत्म्याबाहेर तर अद्वैतात दुसरे काहीच नाही. म्हणजे अज्ञान हटवायचे नसून ते मुळात नव्हतेच, हे ओळखायचे आहे. आठव्या प्रकरणात ज्ञानेश्वर ज्ञानाचेही खंडन करतात. अज्ञानच नसेल, तर त्याच्या अपेक्षेने येणारे ज्ञान कोठे उरणार? 'मला कळले' हा अहंकाराचा अखेरचा आश्रय आहे. आम्हा अध्यापकांना हे प्रकरण थोडे झोंबावे.

येथे मराठीतील एक नित्याचा प्रयोग उद्बोधक आहे. वर्गात विद्यार्थी चूक दाखवतो आणि 'मला राग येतो'. या वाक्यात कर्ता राग आहे. 'मी' केवळ अनुभवणारा. राग कोणी ठरवून आणलेला नसतो. क्षणभराने 'मी रागावलो ते योग्यच' असे म्हणत कर्ता उभा राहतो. व्याकरणाने तत्त्वज्ञान सिद्ध होत नाही, हे खरे. पण कर्तेपण मागाहून कसे चिकटते, हे स्वतःपुरते तपासण्यास एवढे निरीक्षण पुरेसे आहे.

मुंबईच्या खेतवाडीत राहणारे, विडीचे दुकान चालविणारे निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) असेच पाहावयास सांगत. 'मी अमुक' ही ओळख बाजूला ठेवून केवळ 'मी आहे' या जाणिवेपाशी थांबावे, हे त्यांच्या उपदेशाचे सूत्र होते. त्यांचे मराठी संवाद मॉरिस फ्रीडमन यांनी इंग्रजीत आणले व १९७३ मध्ये 'आय ॲम दॅट' या नावाने ते प्रसिद्ध झाले.

अहंकार असा विरला तर व्यवहार आणि भक्ती कशी चालेल, हा आक्षेप जुनाच आहे. नवव्या प्रकरणातील जीवन्मुक्ताची इंद्रिये आपापल्या विषयांकडे जातच राहतात आणि भक्तीही थांबत नाही. थांबतो तो भक्त व देव यांतील दुरावा. खेतवाडीतील त्या घरीही निरूपणाबरोबर भजन होत असे.