वेग मोठा की मैदान?

फँटसी गेममधला सगळ्यात वेगवान योद्धा नेहमी जिंकतो? छे! आधी मैदान किती रुंद आहे ते मोजा…

ऑफिसमध्ये आपल्याला सगळं फास्ट लागतं. रिपोर्ट फास्ट, रिप्लाय फास्ट, प्रमोशन तर सुपरफास्ट! पण वेगाची खरी किंमत काय असते, हे मला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये नाही, तर एका जुन्या कॉम्प्युटर गेममध्ये कळलं. 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३', साल १९९९. आधी तुमची टर्न, मग माझी. घाई नाही, बटणं बडवणं नाही. निवांत डोकं चालवायचं.

यातलं युद्धाचं मैदान षटकोनी घरांचं असतं. १५ घरं रुंद, ११ घरं उंच, म्हणजे एकूण १६५. दोन सैन्यं दोन टोकांना उभी. प्रत्येक प्राण्याचा वेग म्हणजे एक आकडा, एका टर्नमध्ये तो जास्तीत जास्त तितकीच घरं जाणार. 'वॉकिंग डेड' नावाच्या चालत्या मढ्याचा वेग ३, सांगाड्याचा ४. आणि पंखवाल्या आर्केंजलचा? तब्बल १८!

आता जरा हिशेब करा. समोरच्या टोकाच्या तिरंदाजाला भिडायचं, तर सरळ रेषेत १३ घरं चालायची. मढ्याला पाच टर्न लागतात, आर्केंजल पहिल्याच टर्नला दारात हजर. शिवाय आधी कोण खेळणार, हेही याच आकड्यावर ठरतं. म्हणजे वेगवानाला डबल बोनस! मग मढी घेऊन खेळणारा वेडाच म्हणायचा का?

मंदगतीचे मित्र

अजिबात नाही! पहिली गोष्ट, पैसा. एका आर्केंजलला ५,००० सोन्याची नाणी मोजावी लागतात, वर रत्नं वेगळी. मढं मिळतं १०० नाण्यांत. एकाच्या बदल्यात पन्नास, बोला!

दुसरी गोष्ट, अंतर. बहुतेक तिरंदाजांचा बाण १० घरांपलीकडे गेला की इजा निम्मीच होते. म्हणजे लांब मैदान चालणाऱ्याला दमवतं, पण सुरुवातीला तेच त्याला वाचवतंही.

तिसरी गोष्ट माझी सगळ्यात आवडती. 'हेस्ट' हा मंत्र चांगला शिकून घेतला, की वेगात ५ ची भर पडते. मढं ३ वरून ८ वर, म्हणजे पाच टर्नचा प्रवास दोन टर्नमध्ये. आर्केंजल १८ वरून २३ वर… पण मैदानच १५ घरांचं! पहिला नंबर लावण्यापलीकडे त्याला त्या जादा पाचाचा फारसा उपयोग नाही. उलट 'स्लो' हा मंत्र वेग निम्मा करतो. आर्केंजल थेट ९ वर येतो आणि अर्ध्या वाटेत अडकतो. मढ्याचं जातं एखाद-दुसरं घर. बेरीज गरिबाला फळते आणि भागाकार श्रीमंताला बोचतो, असा हा साधा पण सही फंडा आहे.

हे काही एका रात्रीत जमलेलं नाही. १९९६ च्या दुसऱ्या भागात मैदान ११ बाय ९ चं होतं आणि उडणारे प्राणी कुठल्याही घरावर थेट जाऊन उतरायचे. त्यांच्यासाठी मैदानाला लांबी अशी नव्हतीच. तिसऱ्या भागात मैदान वाढलं आणि पंखांनाही आकड्याची मर्यादा आली. २००२ च्या चौथ्या भागात किती चालायचं आणि आधी कोण खेळणार, हे दोन वेगळे आकडे झाले. २००६ च्या पाचव्या भागातही ही फारकत राहिली, फक्त ज्याचा 'इनिशिएटिव्ह' जास्त त्याची टर्न वारंवार येऊ लागली.

तसं हे कोडं आपल्याला परकं नाही. जुन्या चतुरंगात मंत्री एका वेळी तिरकं एकच घर चालायचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला आजच्या वजिराची चाल मिळाली. पट तोच, ६४ घरांचा. पण वेग वाढला आणि खेळच बदलला. चार-पाच चालींत मात व्हायला लागली!

पुठ्ठ्यावरचा प्रयोग

आम्ही चौघा फ्लॅटमेट्सनी एकदा पुठ्ठ्यावर स्वतःचाच गेम बनवायला घेतला. आधी पट ठेवला ७ घरांचा. ज्याची पहिली टर्न, तोच जिंकायचा. बाकीचे आपले मोबाइल काढून बसायचे. मग पट केला २५ घरांचा. प्यादी चालतायत, चालतायत… आणि तिरंदाज मजेत टिपतायत. तिसऱ्या शुक्रवारी दोघांनी 'काम आहे' म्हणून कल्टी मारली. बॅलन्स बिघडला, की नुसता गेम नाही, अड्डाही मोडतो!

शेवटी एक साधा नियम ठरवला. सगळ्यात मंद प्यादं तिसऱ्या-चौथ्या टर्नला तरी भिडलं पाहिजे. आणि सगळ्यात वेगवानाला पहिल्या टर्नला पोचता आलं तरी ते महाग पडलं पाहिजे, म्हणजे एकट्याने पुढे जाऊन घेरलं जाण्याची भीती हवी. पट आला १३ घरांवर, मंद प्याद्याचा वेग ३. तेव्हापासून मोबाइल खिशातच राहतात, आणि मढी घेऊन खेळणारी मी अधूनमधून जिंकतेसुद्धा.

थोडक्यात काय, वेग हा सुटा आकडा नाहीच. मैदान किती लांब, वाटेत अडथळे किती आणि पोचल्यावर मागून येणारं कोणी आहे का, यावर त्याची किंमत ठरते. पुढच्या वेळी कुणी नुसता वेग दाखवून इम्प्रेस करायला आला, मग तो गेममधला ड्रॅगन असो नाही तर टीममधला नवा हीरो, तर त्याला एवढंच विचारा, 'बाबा रे, मैदान केवढं?'