डाक्सहुंड कुत्र्यांतील एक ऱ्हासकारी मस्तिष्करोग

आखूड पायांचा व लांबट धडाचा डाक्सहुंड कुत्रा जर्मनीत बिळातील बॅजरच्या शिकारीसाठी पैदा करण्यात आला. या जातीतील क्वचित एखादे पिल्लू पहिले काही महिने आपल्या भावंडांप्रमाणेच बागडते. पुढे मात्र ते शिकविलेल्या गोष्टी विसरू लागते, चालताना त्याचा तोल जातो, दृष्टी मंदावते व त्यास झटके येऊ लागतात. वर्षभरातच रोगाची परिणती मृत्यूत होते.

म्हाताऱ्या कुत्र्यांत दिसणाऱ्या स्मृतिभ्रंशाहून हा विकार सर्वस्वी निराळा होय. निरुपयोगी द्रव्यांचे विघटन पेशींतील लयकारिका नामक सूक्ष्म पुटिकांत होत असते. तेथे प्रथिनांच्या तुकड्यांच्या टोकाकडून तीन-तीन अमिनो आम्ले तोडण्याचे काम टीपीपी-१ हे विकर, म्हणजे एन्झाइम, करते. त्याच्या अभावी मज्जापेशींत अविघटित द्रव्य साचत जाते, आणि अखेर त्या पेशी नष्ट होतात. अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ साली या अभावाचे कारण उघड केले. संबंधित जनुकातील एकच घटक गळालेला असतो, आणि एक अक्षर गळाल्याने पुढील सारे वाक्य भलत्याच ठिकाणी तुटावे, तसा पुढील संदेश निरर्थक होतो. सदोष जनुकाची एकच प्रत असलेले कुत्रे निरोगी दिसते. त्यामुळे पैदासकारास शंकाही येत नाही. मातापिता दोघेही असे वाहक असल्यास प्रत्येक पिल्लाला रोग होण्याची शक्यता चारांत एक असते.

याच विकराच्या अभावाने दोन ते चार वर्षांच्या बालकांसही असाच रोग जडतो. या कुत्र्यांचे महत्त्व वाढले ते यामुळे. रक्तात टोचलेले विकर मेंदूपर्यंत पुरेसे पोचत नाही. म्हणून ते दर दोन आठवड्यांनी मस्तिष्कमेरुद्रवात सोडून पाहण्यात आले. लक्षणे उशिरा दिसू लागली व कुत्र्यांचे आयुष्य लांबले. त्याच धर्तीचे सर्लिपोनेज आल्फा हे औषध २०१७ साली अमेरिकेत तीन वर्षांवरील बालकांसाठी मान्य झाले. रोग मंदावणे हेही लहान यश नव्हे. पण यास रोगमुक्ती म्हणणे धाडसाचे ठरेल. उपचार घेतलेल्या कुत्र्यांचेही दृष्टिपटल क्षीण होतच राहिले. पुढे विषाणूच्या साहाय्याने निर्दोष जनुक मेंदूतील पोकळीच्या अस्तरात पोचविण्यात आले, तेव्हा त्या पेशीच विकर निर्माण करू लागल्या आणि कुत्री अधिक काळ जगली. मात्र आयुष्य वाढल्यावर हृदय, यकृत व स्वादुपिंड यांतील बिघाड नजरेस आले. पूर्वी अकाली मृत्यूमुळे ते प्रकट होण्यास अवसरच मिळत नव्हता.