गाठ होण्याआधी पेशी काय करते?

स्तनाच्या कर्करोगाचे नाव निघाले की घरातल्या बायका आवाज खाली आणतात. निदान होते तेव्हा गाठ हाताला लागलेली असते. पण त्याआधी, पहिल्या काही पेशी बिघडतात तेव्हा, आत काय घडते? जिवंत माणसाच्या शरीरात ते पाहणे फार अवघड. म्हणून शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत स्तनाची ऊती वाढवून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

या कामात मीना बिसेल यांचे नाव मोठे आहे. 1940 साली तेहरानमध्ये जन्म, शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या, हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवली आणि 1972 पासून बर्कली येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम केले. आमच्या वाचक भगिनींनी हे नाव आपल्या मुलींना जरूर सांगावे.

स्तनात दूध तयार करणाऱ्या पेशी द्राक्षाच्या मण्यांसारख्या गोल रचलेल्या असतात, मधे पोकळी असते. प्लास्टिकच्या सपाट बशीत वाढवल्या की त्या पसरट होतात, दूध बनवणेही विसरतात. तिथे निरोगी पेशी कोणती आणि रोगट कोणती, हेही नीट ओळखू येत नाही. बिसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींना जेलीसारख्या मऊ पदार्थात वाढवले. निरोगी पेशींनी काही दिवसांत पुन्हा तोच पोकळ मणी बांधला आणि वाढ थांबवली. कर्करोगाच्या पेशींचा मात्र वेडावाकडा ढीग होत राहिला.

हा मणी न कापता आतून पाहता येतो, तो कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकामुळे. पेशीतल्या प्रथिनांना चमकणारे रंग जोडतात, लेसरचा किरण एकेका पातळीवर नेतात, आणि संगणक ते थर एकावर एक रचून पूर्ण आकार दाखवतो. जिवंत पेशींचे चित्रण केल्यावर आणखी एक नवल दिसले. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार निरोगी पेशी मणी बांधताना स्वतःभोवती गोल फिरते. तिची विभागणी झाल्यावर नव्या पेशीही एकत्र फिरत राहतात. कर्करोगाच्या पेशींना हा मेळ साधत नाही.

त्याआधी 1997 मध्ये या गटाने कर्करोगाच्या पेशींच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन प्रतिपिंडाने अडवले होते. आजूबाजूच्या जाळ्याचा संदेश पेशीला याच प्रथिनातून मिळतो. ते अडवताच पेशी निरोगी मण्यासारख्या रचल्या गेल्या, जनुकांतला बिघाड तसाच असूनही! विशेष म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी आणि रोगट, दोन्ही पेशी मुळात एकाच स्त्रीच्या ऊतीतून आलेल्या होत्या.

हे वाचून कुणी ‘मग ऑपरेशन कशाला?’ असे विचारू नये. बशीतला प्रयोग म्हणजे औषध नव्हे. गाठ जाणवली, त्वचा ओढली गेली किंवा स्तनाग्रातून रक्त आले, तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरांकडेच जायचे. प्रयोगशाळेतला मणी खऱ्या स्तनाइतका गुंतागुंतीचा नाही. खऱ्या स्तनात चरबी असते, रक्तवाहिन्या असतात, रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. आता संशोधक हे शेजारीही एकेक करून त्या जेलीत आणून बसवत आहेत.