कोंदण आणि ताण

गेल्या चैत्रांत आमच्या पुतणीचा विवाह ठरला, तेव्हां आमच्या दिवंगत मातोश्रींची पाचूची अंगठी तिला द्यावी असें घरांत एकमतानें ठरलें. मुलगी मुंबईस नोकरीला; तेथें तिनें नव्या धर्तीची एक अंगठी पाहिली होती. तींत खड्याला कोंदण नव्हतें. वळ्याच्या दोन टोकांमध्यें तो जणूं अधांतरीं राहिलेला. "काका, आजीचा पाचू असाच बसवूं या ना," असा तिचा हट्ट. म्हणून तिला घेऊन आम्ही पनवेलच्या बाजारांतील एका वृद्ध जडावकारागिरांकडे गेलों. त्यांनीं जें सांगितलें व आम्हीं पुढें जें वाचलें, तें वाचकांच्या घरींहि उपयोगीं पडेल.

ह्या नव्या पद्धतीस ताणाची जडण म्हणावें. जर्मनींतील नीसिंग ह्या पेढीनें १९७९ सालीं अशी अंगठी काढली, व तेथून तिचा प्रसार झाला. वळें एके ठिकाणीं कापलेलें असतें, आणि ती फट खड्याच्या रुंदीहून किंचित् कमी ठेवितात. दोन्ही टोकांस समोरासमोर बारीक खांचा पाडतात. हल्लीं हें काम लेसर किरणांनीं होतें. मग यंत्रानें वळें अंमळ फांकवून खडा खांचांत बसवितात व वळें सोडतात. धातु पूर्वस्थितीस येऊं पाहतो, आणि त्या दाबानेंच खडा धरला जातो.

यासाठीं धातूस स्प्रिंगेचा गुण हवा. बावीस कॅरटचें सोनें त्यास नरम पडतें. म्हणून अठरा कॅरटचें, म्हणजे शेंकडा ७५ भाग सोन्याचें मिश्रण, किंवा प्लॅटिनमचें मिश्रण घेऊन तें कठीण करितात. पुढें अशा वळ्यास आंच दिली, तर तो कठीणपणा जाऊन पकड सैल होण्याचें भय असतें. म्हणूनच माप बदलणें अवघड.

आमच्या कोंदणाचा न्याय नेमका उलट. तेथें अतिशुद्ध सोन्याची पातळ पट्टी खड्याभोंवतीं थंडच दाबीत जातात. शुद्ध सोनें इतकें मऊ कीं, थरावर थर दाबानेंच एकजीव होतो. नवी अंगठी सोन्याच्या कठीणपणावर उभी, तर जुनी त्याच्या मार्दवावर.

आतां पाचूची गोष्ट. कठीणपणाच्या मोजणींत हिरा १०, माणिक व नीळ ९, पाचू साडेसात ते आठ. परंतु खरा दोष निराळाच. पाचूच्या पोटांत बहुधा बारीक भेगा असतात, व त्या दिसूं नयेत म्हणून तेल मुरविण्याची चाल आहे. असा खडा दोहों बाजूंनीं सतत दाबला, तर भेगेवर फुटण्याचा संभव. हिरा, माणिक, नीळ हा ताण सोसतात. मोतीं, पोंवळें यांचें नांवच नको.

कारागिरांनीं भिंग लावून अंगठी फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाले, "गुरुजी, दुसरा कोणी करील, मी हें काम घेणार नाहीं. खडा गेला तर तुमच्या आईंची खूण मी कोठून आणूं?" मजुरी बुडाली तरी त्यांनीं खरें तें सांगितलें. आम्हीं निदान पाहण्याचे तरी पैसे घ्या म्हटलें. तेहि घेतले नाहींत.

जुन्या खड्याची जडण बदलण्यापूर्वीं तीन प्रश्न अवश्य विचारावे: खडा कोणता, त्यांत भेगा किती, आणि पुढें माप बदलेल काय?

मातोश्रींचीं बोटें फार बारीक होतीं, आणि मागें लाख असल्यानें त्या अंगठीसहि आंच देतां येईना. पुतणीनें ती करंगळींत घालून पाहिली. तेथें ती बरोबर बसली.