बोट मागे, तोंड पुढे

तिसरीतल्या एखाद्या मुलीपुढे मराठीचं पुस्तक उघडून ठेवा आणि वाच म्हणा. ती धडा घडाघडा म्हणून दाखवेल. आवाज खणखणीत, बोट ओळीवरून फिरतंय, कुठे अडखळणं नाही. मग नीट पाहा. तोंड तिसऱ्या ओळीवर पोचलंय आणि बोट अजून दुसऱ्याच ओळीवर आहे. मधलाच एक शब्द दाखवून ‘हा कोणता?’ विचारलं, की ती पहिल्या ओळीपासून मनातल्या मनात म्हणत त्या शब्दापर्यंत यायला बघते. धडा तिला पाठ आहे. वाचता येत नाही. तपासायला आलेले साहेब मात्र ‘छान वाचते’ असा शेरा मारून पुढच्या शाळेला गेलेले असतात.

लक्ष्मी टेकडीपासून पसरलेल्या कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीच्या आसपास, कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली या पट्ट्यात, ही गोष्ट लोकांना समजावून सांगायला सोपी जावी. इथे घरटी कोणी ना कोणी फौंड्रीत किंवा मशीन शॉपला आहे. कास्टिंग ओतून, घासून, गाडीत भरल्यावर पहिल्यांदा तपासायचं, असं कोणताही सुपरवायझर करत नाही. वाळू तपासतात, मोल्ड तपासतात, धातूचं तापमान बघतात. रिजेक्शन वाढलं की त्याच पाळीत कारण शोधतात. शाळेत मात्र पोराला वाचता येत नाही हे शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत कळतं. तोवर तीन-चार वर्षं गेलेली असतात. कोल्हापूर जिल्ह्याला शिष्यवृत्तीचा अभिमान आहे आणि तो रास्तही आहे, पण गुणवत्ता यादीतली नावं ही वर्गातल्या पुढच्या बाकांची असतात.

देशातल्या ग्रामीण भागाचं चित्र मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालात दिसतं. २०२४ च्या पाहणीत तिसरीतल्या सुमारे २७ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. कोरोनानंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर घसरलं होतं. म्हणजे सुधारणा झाली, ती कोरोनाआधीच्या पातळीला येण्यापुरती. चौघांतल्या तिघांना शिक्षक जे फळ्यावर लिहितात ते नीट वाचता येत नसेल, तर विज्ञान काय आणि परिसर अभ्यास काय!

शाळेत मूल आणणं हा प्रश्न या भागाने लवकर हाताळला. कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. आज पट भरलेला आहे. आलेल्या मुलाला रोज नेमकं काय मिळतं, हे विचारायची वेळ आहे.

आणि येणारी मुलंही बदलली आहेत. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेल्या कामगारांची कुटुंबं चाळीत, शेडमध्ये राहतात आणि पोरं जवळच्या जिल्हा परिषद शाळेत येतात. बिहारच्या मुलाला देवनागरी ओळखीची असते, पण ‘ळ’ नवा. तो ‘फळा’ला ‘फला’ म्हणतो. ओडिशाच्या मुलाच्या जिभेवर ‘ळ’ असतो, पण लिपी संपूर्ण वेगळी. दोघांना ‘परप्रांतीय’ म्हणून एकाच बाकावर बसवणं म्हणजे दोघांचीही अडचण न ओळखणं. त्यात वडिलांचं काम सुटलं की कुटुंब रातोरात हलतं आणि हजेरीपटावर नाव तेवढं उरतं.

मग बाई करणार काय? शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. वर्ग चार किंवा पाच. म्हणजे पहिली-दुसरी एकाकडे, उरलेले दुसऱ्याकडे. एका वर्गाला लेखन लावून द्यायचं आणि दुसऱ्याला शिकवायचं. त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये असं लिहिलंय. प्रत्यक्षात पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, ‘आजच्या आज पाठवा’चे व्हॉट्सॲप संदेश. गुरुजी शिकवत नाहीत म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांचा मोबाइल बघावा.

तरीही वाट आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या एका गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ती दाखवली. वर्गाच्या फरशीवर आखलेल्या चौकटी, मणी, काड्या, शब्दपट्ट्या. मुलं गटात बसून करतात आणि बाई फिरून कोण कुठे अडलंय ते बघतात. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. अनेकांनी परत येऊन फरशी रंगवली आणि तेवढ्यावरच थांबले. रंग उचलता येतो. रोज प्रत्येक मुलाजवळ बसून त्याची अडचण टिपण्याची सवय उचलायला वर्ष लागतं. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेची पद्धतही याच अंगाची: दिवसातला काही वेळ इयत्ता विसरायची आणि अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांतलं ज्याला जेवढं येतं त्यावरून गट पाडायचे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी ही पद्धत शास्त्रशुद्ध तपासली. २०१९ च्या नोबेलमागे त्यांचं असंच काम होतं. दोन शिक्षकी शाळेला ती विशेष सोयीची, कारण तिथे सगळ्या इयत्ता तशाही एकत्रच असतात.

आता कारखान्यांकडे वळू. ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांना कंपनी कायदा, २०१३ नुसार सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. शाळांच्या वाट्याला त्यातून बहुधा रंगरंगोटी, बाक, स्मार्ट टीव्ही येतात. नारळ फुटतो, फोटो निघतो. स्वच्छतागृह हवंच, त्यावर वाद नाही. पण टीव्हीपेक्षा शंभर गोष्टींची पुस्तकं, आणि कामगार वस्तीतलीच एखादी बारावी झालेली ओडिया किंवा हिंदी बोलणारी मुलगी मानधनावर, पहिलीच्या वर्गात दोन तास, ही मागणी कोणी करत नाही. केंद्रशाळेच्या मासिक शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचण्याऐवजी एका बाईंनी सगळ्यांसमोर वाचनाचा तास घ्यावा आणि बाकीच्यांनी पाहावा, याला तर पैसेही लागत नाहीत.

पालकसभेचंही तसंच. दुपारी तीनला सभा लावली की पहिल्या पाळीचा बाप दमून येतो, दुसऱ्या पाळीचा येतच नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत असा नियम आहे. त्यात चाळीतला एक तरी पालक आहे का, हे मुख्याध्यापकांनी जूनमध्येच बघावं. आणि सभा कारखान्याच्या सुट्टीच्या वारी ठेवावी.